वेठबिगारी, मानवी तस्करी आणि परदेशातले करार: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्ही टेबलाशी बसून रचलेले नाहीत. पेठ-सुरगाण्याचे पाडे, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, शहरातले मजूर अड्डे आणि कॉलेजं अशा ठिकाणी बोलायला गेल्यावर लोकांनी जे विचारलं, तेच इथे आहे. काही प्रश्न खोचक आहेत, तेही तसेच ठेवले आहेत.

वेठबिगारी तर इंदिरा गांधींच्या काळातच बंद झाली. मग हा विषय आता कशाला?

कागदावर त्याआधीच बंद झाली होती. राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठ, दोन्हींना मनाई केली. त्यानंतर ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आला. तरी २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची मुलं नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली गेल्याचं बाहेर आलं. बदल्यात आई-बापांना काही हजार रुपये, कुठे एखादी मेंढी मिळाली होती. त्यांतली दहा वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हा कुठे राज्याला जाग आली. हे सगळं मुंबई-आग्रा महामार्गापासून हाकेच्या अंतरावर घडत होतं.

आम्ही मजुरांना उचल देतो. मग आम्हीही गुन्हेगार का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो थोड्या रागानेच येतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नुसती उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ पैसे, देणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे सालदार ठेवताना, ऊसतोडीची टोळी बांधताना किंवा छाटणीच्या हंगामाआधी मजूर पक्के करताना उचल दिली जातेच. खरा प्रश्न पुढचा आहे: उचल घेतलेल्या माणसाला काम सोडून जाता येतं का? मजुरी बाजारभावाने मिळते की उचलीच्या नावाखाली निम्मीच? बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात जायचं तर मालकाची परवानगी लागते का? आगाऊ रकमेपोटी माणसाचं हे स्वातंत्र्य गेलं किंवा मजुरी नाममात्र झाली, की १९७६ च्या कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारी होते. त्यासाठी साखळदंड लागत नाही. 'हिशोब झाल्याशिवाय गावाला जायचं नाही' एवढं एक वाक्य पुरतं.

या कायद्यातलं एक कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. मजुराने 'माझं कर्ज वेठीचं आहे' असं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. आणि कर्ज वेठीचं ठरलं, तर ते संपतं, फेडायचं राहत नाही. बैठकीत हे सांगितलं की पाड्यावरची माणसं एकमेकांकडे बघतात आणि मुकादम घड्याळाकडे.

दुसरी बाजूही आहे. उचल घेऊन पळून जाणारे मजूर असतात आणि त्यात लहान शेतकरी मार खातो, हे आम्ही नाकारत नाही. साधी उचल बुडाली तर वसुलीसाठी दिवाणी कोर्ट आहे. मजुराची बायको, पोर, बैल किंवा मोबाइल अडकवून ठेवणं ही वसुली नव्हे.

तो स्वतःच्या पायाने कामाला गेला होता. मग सक्ती कसली?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० च्या २९ व्या करारात सक्तीच्या श्रमाची व्याख्या केली आहे: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेलं काम. भारताने हा करार १९५४ मध्ये मान्य केला. शिक्षा म्हणजे चाबूकच असावा लागत नाही. अडवलेला पगार किंवा काढून घेतलेलं आधार कार्डही त्यात येतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. दिल्लीच्या एशियाडसाठी स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागणं हेही कलम २३ खालचं सक्तीचं श्रम आहे, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच. सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकमध्ये जी बांधकामं निघाली आहेत, त्यांच्या ठेकेदारांनी हा निकाल एकदा वाचायला हरकत नाही.

मानवी तस्करी म्हणजे माणसाला चोरून सीमेपार नेणं ना?

नाही, आणि हा घोळ पोलिसांच्याही डोक्यात असतो. चोरून सीमा ओलांडून देणं हा वेगळा गुन्हा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली दोन्हींसाठी दोन स्वतंत्र करार केले. तस्करीचा करार पालेर्मो प्रोटोकॉल म्हणून ओळखला जातो. तो २००३ च्या डिसेंबरात लागू झाला आणि भारताने २०११ मध्ये स्वीकारला.

त्यात तीन गोष्टी बघतात. माणसाला आणलं, नेलं किंवा ठेवून घेतलं का? ते फसवून, धमकावून किंवा त्याच्या नडीचा फायदा घेऊन केलं का? आणि हेतू त्याचं शोषण हाच होता का? तिन्ही जुळल्या तर हरसूलहून नाशिकला नेणंसुद्धा तस्करी ठरते. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत मधली अट गळून पडते. त्याला फसवलं नाही, तो हसत गेला, असा बचाव चालत नाही.

पण उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे-सांगलीकडे मदरशांत निघालेली ५९ मुलं तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून उतरवण्यात आली. सोबतच्या शिक्षकांना अटक झाली, मुलं निवारागृहात राहिली. पुढे गैरसमज झाला होता, असं म्हणत पोलिसांनीच प्रकरण बंद केलं. संशय आला तर कळवायलाच हवं. पण मुलांच्या घरी दोन फोन करून खातरजमा होण्याआधीच कुणाला दलाल ठरवून मोकळं होणं, हाही अन्यायच.

जगात असे किती लोक आहेत?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती. त्यांत ३३ लाख मुलं. सक्तीच्या लग्नात अडकलेले २ कोटी २० लाख वेगळे. या धंद्यातला बेकायदा नफा वर्षाला २३६ अब्ज डॉलर असल्याचं २०२४ च्या अहवालात म्हटलं आहे. हे अंदाज आहेत, शिरगणती नव्हे. लपवलेल्या माणसांची शिरगणती होत नसते.

जिनिव्हात सह्या झाल्याने सुरगाण्यात काय फरक पडतो?

हा प्रश्न एका निवृत्त गुरुजींनी विचारला होता, आणि त्यांच्या आवाजातला उपरोध रास्त होता. सह्यांनी आपोआप काहीच होत नाही. करार मान्य केला म्हणजे देशाने तीन-चार गोष्टींची हमी दिलेली असते: तसा कायदा करू, ठरावीक काळाने अहवाल देऊ, दुसऱ्या देशाने मदत मागितली तर तपासात साथ देऊ. अहवालावर तज्ज्ञांची समिती प्रश्न विचारते आणि कामगार संघटनांनाही आपलं म्हणणं तिथे मांडता येतं. दंड ठोठावणारा जागतिक फौजदार मात्र नाही. जे होतं ते लाजेने, व्यापाराच्या दाबाने आणि देशातल्या कोर्टांमुळे.

तरी परिणाम दिसतात. पालेर्मोची व्याख्या २०१३ मध्ये जवळपास जशीच्या तशी आपल्या दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये आली आणि आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. म्हणजे इगतपुरीच्या ठाण्यात तस्करीची फिर्याद लिहिली जाते, तेव्हा तिची भाषा परदेशातल्या एका सभागृहात ठरलेली असते. बालमजुरीवरचे दोन मोठे करार भारताने २०१७ मध्ये स्वीकारले. सक्तीच्या श्रमावरच्या २९ व्या कराराला २०१४ मध्ये जोडलेला प्रोटोकॉल मात्र भारताने मान्य केलेला नाही. पीडितांना संरक्षण आणि भरपाई द्या, नोकरभरतीतली लूट थांबवा, असं तो सांगतो. आमच्या मते ही सही राहून गेली, हे बरं झालेलं नाही.

आमच्या द्राक्षांचा या सगळ्याशी काय संबंध?

आता आहे, आणि थेट आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेला नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होतो. सक्तीच्या श्रमातून तयार झालेला कोणताही माल तिथल्या बाजारात विकता येणार नाही आणि तिथून निर्यातही करता येणार नाही. 'तयार झालेला' या शब्दात पीक काढणीही येते. कंपनी लहान की मोठी, याने फरक पडत नाही. सक्ती झाली हे सिद्ध करायची जबाबदारी तपासणाऱ्या यंत्रणेवर आहे. मात्र चौकशीला दादच दिली नाही, तर हाती असलेल्या माहितीवर निर्णय होऊ शकतो.

२०१० साल आठवा. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि किती बागायतदार बसले. औषध आपणच फवारत होतो, पण त्याचा अंश कुणी मोजेल हे ध्यानात नव्हतं. त्यानंतर रेसिड्यूचं रेकॉर्ड ठेवायला सगळे शिकले. कुठल्या प्लॉटवर कोणत्या तारखेला काय फवारलं, हे आज निफाडचा शेतकरी तोंडपाठ सांगतो. पण त्याच प्लॉटवर पेस्ट लावायला, फेलफूट काढायला, डिपिंग-थिनिंगला आलेली टोळी कुठल्या गावची होती, उचल किती होती, पैसे बाईच्या हातात पडले की मुकादमाच्या, असं विचारलं तर वही निघत नाही.

अमेरिकेचा याबाबतचा कायदा तर १९३० च्या टॅरिफ अ‍ॅक्टमधलाच आहे. 'देशात पुरेसा माल बनत नसेल तर चालेल' अशी एक पळवाट त्यात होती, ती २०१६ मध्ये काढली आणि तेव्हापासून तिथलं सीमाशुल्क खातं जास्त जोमाने माल अडवू लागलं.

म्हणून निर्यातदार बागायतदारांना आमचं सांगणं साधं आहे. टोळीच्या प्रत्येक माणसाचं नाव हजेरीवर असू द्या, बायकांचं वेगळं. आपल्याकडे जोडप्याला एक धरायची सवय आहे, तिथेच बाईची मजुरी गायब होते. उचल लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत मजुराला द्या. पैसे शक्यतो ज्याचे त्याच्या खात्यात टाका. एवढ्याने सगळे प्रश्न सुटतील असं नाही, पण उद्या चौकशी आली तर मुकादमाच्या तोंडी शब्दावर अख्खा हंगाम टांगला जाणार नाही.

हा गोऱ्यांचा आपला माल अडवायचा डाव नाही का?

थोडा आहेही. स्वतःच्या मालाला वाव मिळावा म्हणून देश असे नियम वापरतात, हे जगाला माहीत आहे. पण पेठच्या बाईला त्या डावामुळे हजेरीवर स्वतःचं नाव मिळत असेल, तर तिच्यासमोर हा मुद्दा मांडून बघा.

मुलाला दुबई-कुवेतला पाठवायचंय. एजंट खरा आहे हे कसं ओळखायचं?

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. 'माझा भाऊ नोंदणीकृत आहे, मी त्याचं काम बघतो' ही सबब ऐकली की उठून या. एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन-दोन लाख मोजणारे आम्हाला भेटले आहेत, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण सोनं गहाण टाकून किंवा खाजगी सावकाराकडून पैसे उचलून आलेला. म्हणजे माणूस विमानात बसतो तेव्हाच वेठीला लागलेला असतो. तिकडचा मालक वाईट निघाला तरी तो काम सोडत नाही, कारण इकडे व्याज चालू असतं.

दहावीच्या आत शिक्षण झालेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीचा शेरा असतो. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना परवानगी काढावी लागते. लोकांना ती कटकट वाटते आणि एजंट पर्यटक व्हिसावर पाठवतो. त्या कटकटीतच नोकरीचा करार तपासला जातो आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो, हे तो सांगत नाही.

आणि पासपोर्ट. ही वही आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते, बघा. इथल्या किती घरांचं पोट त्या प्रेसवर चाललं. ती भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे. ती 'सांभाळायला' काढून घेणं हे सक्तीच्या श्रमाचं जगभर मान्य झालेलं एक लक्षण आहे. निघण्याआधी तिच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर ठेवा. आणीबाणीत वकिलातीला आधी तोच लागतो.

थायलंडमध्ये डेटा एंट्री, महिना लाखाच्या वर पगार. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर झाली. जावं का?

नाही. इतकं सरळ उत्तर आम्ही क्वचित देतो.

अशा जाहिराती आता गरिबांना नव्हे, शिकलेल्या पोरांना गाठतात. संगणक येतो, इंग्रजी बरं आहे, कॅम्पसमध्ये काही लागलं नाही, अशांना. बँकॉकला उतरवतात आणि रस्त्याने सीमेवरच्या माए सोतपर्यंत नेऊन नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावड्डी भागात पोचवतात. कुणी कंबोडियात जातं, कुणी लाओसच्या गोल्डन ट्रँगलमध्ये. तिथे उंच कुंपणाच्या आवारात बसून अनोळखी लोकांना प्रेमाच्या किंवा गुंतवणुकीच्या जाळ्यात ओढायचं काम असतं. ठरवलेला कोटा पुरा झाला नाही तर मार, विजेचे झटके, उपासमार. सुटायचं तर खंडणी, नाहीतर दुसऱ्या टोळीला विक्री. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं होतं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना अशा कामाला जुंपलेलं असू शकतं.

मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाची विमानं माए सोतला पाठवून दोन दिवसांत साडेपाचशेच्या आसपास लोक परत आणले. म्यानमार, थायलंड आणि भारत या तिघांचं बोलणं झाल्याशिवाय ते शक्य नव्हतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय, असं कॉलेजात मुलं विचारतात, तेव्हा मी हेच उदाहरण देतो. एका देशात गुन्हा, दुसऱ्यातून वाट, तिसऱ्याची माणसं, आणि लुटला जाणारा चौथ्याच देशातला.

तिथे अडकलोच तर?

भारतीय वकिलातीला कळवा. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा नंबर जवळ ठेवावा. सोबत स्थानिक पोलीस ठाण्यात एजंटविरुद्ध फिर्याद द्याच. 'आधी पोरगा येऊ द्या, मग बघू' असं म्हणून लोक थांबतात आणि तोवर एजंट सिमकार्ड बदलून मोकळा होतो. शक्य झालं तर मुलाने आपल्या जागेचं लोकेशन एकदा पाठवावं, पण जिवाला धोका पत्करून नव्हे.

परत आल्यावर त्यालाच आरोपी करतील का? त्याने लोकांना फसवलं तर होतंच.

धाकाखाली करायला लावलेल्या गुन्ह्याबद्दल तस्करीच्या पीडिताला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व जगभर मानलं जातं. प्रत्यक्षात चौकशी होते आणि कधीकधी कडक होते. म्हणून बोलावणं येण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्या. त्यांचा नंबर १५१००.

एजंट परदेशात बसलाय. तो कधी हाती लागतो का?

लागतो, पण वेळ खातो. दुसऱ्या देशातल्या बँकेच्या नोंदी किंवा साक्ष हवी असेल, तर परस्पर कायदेशीर मदतीच्या करारातून मागणी जाते. भारताचे असे करार चाळीसहून अधिक देशांशी आहेत. इंटरपोलशी आपला संपर्क सीबीआयमार्फत होतो. जानेवारी २०२५ मध्ये भारतपोल नावाचं पोर्टल सुरू झालं, त्यामुळे राज्यांच्या पोलिसांची विनंती पूर्वीसारखी पत्रांत फिरत नाही. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे, ही गोष्ट टीव्हीवाले कायम विसरतात. प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे तिच्यावर काय करायचं ते ठरवतो. २०१९ पासून मानवी तस्करीचे गुन्हे राष्ट्रीय तपास संस्थेलाही (एनआयए) तपासता येतात.

हे सगळं ज्या फिर्यादीवर उभं राहतं, ती गावच्या ठाण्यात लिहिलेली असते. तिथे 'नोकरीच्या नावाखाली फसवणूक' एवढंच लिहिलं आणि तस्करीचं कलम १४३ लागलं नाही, तर पुढची दारं उघडतच नाहीत. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती घेऊन कलमं वाचा.

बाहेरून इथे आणलेल्या बायका-मुलींचं काय?

आपण माणसं फक्त पाठवतो असं नाही, आपल्याकडे आणलीही जातात. बांगलादेश आणि नेपाळमधून आणलेल्या मुली महाराष्ट्रातल्या शहरांत सापडतात. २००२ मध्ये काठमांडूत सार्क देशांनी याच विषयावर करार केला आणि २०१५ मध्ये भारत-बांगलादेश समझोता झाला. तरी सुटका झालेल्या मुलीचं घर शोधणं, राष्ट्रीयत्वाची पडताळणी आणि प्रवासाचा परवाना यात महिने जातात, कधी वर्षं. तेवढा काळ ती निवारागृहात असते, म्हणजे पुन्हा बंद दाराआड.

सुटका झालेल्या वेठबिगाराला पैसे मिळतात म्हणे?

मिळतात. केंद्राच्या योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला आणि मुलांना २ लाख, लैंगिक शोषण किंवा तस्करीसारख्या गंभीर प्रकारांत ३ लाख रुपये. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत. मोठी रक्कम मात्र सहसा खटला निकाली निघण्याशी जोडलेली असते आणि खटला रेंगाळतो. सगळं अडतं ते मुक्ती प्रमाणपत्रावर. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा हा एक कागद नसेल, तर कायद्याच्या लेखी तुम्ही कधी वेठबिगार नव्हताच. सुटका करून मजुरांना ट्रकमध्ये बसवून गावी सोडायचं आणि प्रमाणपत्र 'नंतर बघू' म्हणायचं, असं होतं. त्या रात्री गावी जायची कितीही घाई असली, तरी जबाब नोंदवल्याशिवाय हलू नका.

शेजारच्या बागेत किंवा वीटभट्टीवर काही वावगं दिसलं तर कुणाला सांगायचं?

मुलं असतील तर १०९८. तातडीची गरज असेल तर ११२, रेल्वेत १३९, महिलांसाठी १८१. वेठबिगारीची तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात (प्रांताच्या पातळीवर) त्यासाठी दक्षता समिती असावी, असं कायदाच सांगतो. तुमच्या उपविभागातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, ते माहिती अधिकारात विचारून बघा.

फोनवर 'तिथे काहीतरी गडबड आहे' असं मोघम बोलू नका. गट नंबर ठाऊक नसेल तर जवळची शाळा किंवा पाण्याची टाकी सांगा. माणसं किती, त्यांत पोरं किती, कुठली बोली बोलतात, मुकादम कोणत्या वेळी नसतो, हे सांगा. स्वतः आत शिरून व्हिडिओ काढायला जाऊ नका. तुम्ही निघून याल, मागे मार त्यांना बसेल. आणि तपासणीचं पथक येणार हे गावात कुणाकडेही बोलू नका. आदल्या रात्री ट्रक भरून निघून जातो आणि सकाळी पथकाला नुसत्या विझलेल्या चुली सापडतात.